वाचकांचे प्रश्न : घानाचा अर्ध्यावर राहिलेला हंगाम

पश्चिम आफ्रिकेतील क्लब फुटबॉलवर गेल्या अंकात आलेल्या लेखात, घानाच्या प्रीमियर लीगचा २०१९-२० चा हंगाम करोनाच्या साथीमुळे विजेता न ठरवताच रद्द झाला, असा दोन ओळींचा उल्लेख होता. वाचकांच्या पत्रांवरून असे दिसते की त्या दोन ओळींनीच त्यांना सर्वाधिक अस्वस्थ केले. त्या हंगामाला लेखात अधिक जागा मिळायला हवी होती, हे मला मान्य आहे. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रे लांब होती, त्यांतील प्रश्नांचा गाभा तेवढा येथे घेतला आहे.

प्रश्न : स्पर्धा थांबली तेव्हा अदुआना स्टार्स हा संघ गुणतक्त्यात पहिला होता, असे आपणच लिहिले आहे. मग त्याला विजेता का ठरवले नाही? आमच्या शाहू स्टेडियमवर एखाद्या तालमीचा संघ असा पुढे असता आणि चषक त्याला दिला नसता, तर पेठेने ते कधीच मान्य केले नसते. (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : तालीम, पेठ आणि संघ यांना एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको, आणि म्हणूनच अदुआनाची गोष्ट आपल्याला चटकन कळेल. या क्लबचे डोर्मा आहेंक्रो हे घानाच्या पश्चिम कडेला, आयव्हरी कोस्टच्या सीमेजवळ वसलेले गाव आहे. क्लबचे नाव आकान लोकांतील अदुआना या कुळावरून आले आहे, डोर्माचे पारंपरिक राजे, ज्यांना तेथे डोर्माहेने म्हणतात, ते या क्लबचे आश्रयदाते आहेत, आणि चाहते संघाला ‘ओग्या’ म्हणजे आग या नावाने हाक मारतात. राजधानी आक्रा आणि अशांती लोकांची कुमासी या दोन मोठ्या शहरांतील धनवान, लोकप्रिय क्लबांसमोर हा संघ उभा राहतो तो गावाच्या जोरावर. २००९-१० मध्ये पहिल्यांदाच वरच्या श्रेणीत आलेल्या या संघाने त्याच वर्षी विजेतेपद पटकावले होते, तेही ३० सामन्यांत अवघे १९ गोल करून! इतके कमी गोल करून साखळी स्पर्धा जिंकायची तर बचाव किती चिवट असावा लागतो, हे फुटबॉल खेळलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता हंगामाकडे येतो. २८ डिसेंबर २०१९ रोजी लीग सुरू झाली. १८ क्लब, प्रत्येकाने उरलेल्या १७ क्लबांशी एकदा घरच्या आणि एकदा परगावच्या मैदानावर खेळायचे, म्हणजे प्रत्येकाचे ३४ सामने. १२ मार्च २०२० रोजी घानात करोनाचे पहिले दोन रुग्ण आढळले. एक जण नॉर्वेहून आला होता आणि दुसरा तुर्कस्तानहून. १५ मार्चच्या रविवारी रात्री राष्ट्राध्यक्ष नाना अकुफो-अड्डो यांनी दूरचित्रवाणीवरून सर्व सार्वजनिक कार्यक्रमांवर बंदी जाहीर केली. शाळा, विद्यापीठे, चर्च, मशिदी आणि क्रीडास्पर्धा हे सर्व त्यात आले. फुटबॉल संघटनेने लीग स्थगित केली. तेव्हा १५ फेऱ्या झाल्या होत्या. ३० मार्चपासून आक्रा आणि कुमासी परिसरात तीन आठवडे टाळेबंदी होती. ती उठल्यानंतरही खेळाडूंचा एकमेकांशी अंगसंपर्क येणाऱ्या खेळांवरची बंदी कायम राहिली आणि ती जुलैअखेरपर्यंत वाढली. शेवटी ३० जून रोजी संघटनेच्या कार्यकारिणीने पुरुषांची प्रीमियर लीग, दुसरी श्रेणी, महिलांची लीग आणि एफए चषक असा सगळाच हंगाम रद्द केला. विजेता नाही, आणि खालच्या श्रेणीत कोणाची घसरणही नाही.

आपल्या प्रश्नाचे उत्तर १५ आणि १७ या दोन आकड्यांत आहे. एका संघाला उरलेल्या सर्व संघांशी एकदा तरी खेळायचे तर १७ सामने लागतात, आणि येथे फेऱ्या झाल्या होत्या १५. याचा अर्थ असा, की तक्त्यातील प्रत्येक संघाची किमान दोन प्रतिस्पर्ध्यांशी त्या हंगामात एकदाही गाठ पडली नव्हती. शिवाय सामन्यांची संख्या विषम असल्यामुळे कोणी आठ सामने घरच्या मैदानावर खेळला होता तर कोणी सात. घानात घरचे मैदान म्हणजे गुणांची खाण असते, परगावी जाऊन जिंकणे फार कठीण, त्यामुळे एका घरच्या सामन्याचा फरक वरच्या चार-पाच क्रमांकांची उलथापालथ करू शकतो. नायजेरियात हंगाम थांबला तेव्हा ३८ पैकी साधारण २५ फेऱ्या झाल्या होत्या, त्यामुळे तेथे प्रति सामना गुणांच्या सरासरीवर क्रमवारी लावून, जॉस शहराच्या प्लॅटू युनायटेडला अग्रस्थानी धरून, खंडीय स्पर्धांसाठीचे संघ निवडता आले. शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये रेसिंग क्लब आबिजानला विजेता घोषित करण्यात आले. घानाजवळ तेवढा आधार नव्हता. निम्म्याहून कमी हंगामावर विजेतेपद देणे हे अदुआनाच्याही विजेतेपदाला कायमचा डाग लावणारे ठरले असते, असे माझे मत आहे.

आपल्याकडील उदाहरण ताडून पाहा. भारतातील आय-लीगही त्याच मार्चमध्ये थांबली, पण मोहन बागानने १० मार्चलाच ऐझॉलविरुद्ध कल्याणी येथे १-० असा विजय मिळवून, चार सामने हातात राखून, गणिताने विजेतेपद निश्चित केले होते. तो एकमेव गोल सेनेगलच्या बाबा दियावाराने केला होता, म्हणजे येथेही पश्चिम आफ्रिकेचा हात लागलाच. उरलेले २८ सामने रद्द करूनही बागानला विजेता म्हणता आले, कारण त्यांना कोणी गाठूच शकत नव्हते. युरोपातही दोन्ही प्रकार घडले : नेदरलँड्सने आयाक्स आणि एझी या दोन क्लबांचे गुण समान असताना विजेता न ठरवता हंगाम संपवला, फ्रान्सने पॅरिस सेंट-जर्मेनला विजेता केले.

तरीही पेठेचा राग एका बाबतीत रास्त आहे. पुढच्या हंगामातील आफ्रिकी स्पर्धांसाठी घानाने असांते कोटोको आणि अशांती गोल्ड यांना पाठवले, म्हणजे आधीच्या वर्षी देशाचे प्रतिनिधित्व केलेल्या दोन क्लबांनाच पुन्हा. हंगाम रद्द झाला की त्याचा तक्ताही रद्द, हा तर्क नियमांच्या दृष्टीने सुसंगत आहे. परंतु अडीच महिने प्रवास करून, घाम गाळून अग्रस्थानी आलेल्या संघाच्या पदरात चषक नाही आणि परदेशी स्पर्धेतील जागाही नाही, हे मला आजही खटकते. एक जागा गुणतक्त्यावरून द्यायला हरकत नव्हती.

प्रश्न : ‘घानाला सलग तिसरे वर्ष लीगचा विजेता मिळाला नाही’ असे लेखात होते. साथ तर २०२० मध्ये आली. आधीची दोन वर्षे कुठे गेली? (सातारा)

उत्तर : हा प्रश्न या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी जातो. जून २०१८ मध्ये अनस अरेमेयाव अनस या शोधपत्रकाराने गुप्त कॅमेऱ्याने केलेले चित्रण घानात जाहीरपणे दाखवले. अनस स्वतः नेहमी मण्यांच्या माळांचा पडदा चेहऱ्यावर घेऊन वावरतात, त्यामुळे त्यांचा चेहरा लोकांना ठाऊक नाही. त्या चित्रणात अनेक पंच पैसे स्वीकारताना दिसले, आणि घाना फुटबॉल संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष क्वेसी न्यांताक्यी हेही एका तोतया गुंतवणूकदाराशी व्यवहार करताना दिसले. न्यांताक्यी हे केवळ घानाचे पदाधिकारी नव्हते, आफ्रिकी फुटबॉल महासंघाचे उपाध्यक्ष आणि फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या परिषदेचे सदस्यही होते. त्यांनी राजीनामा दिला; फिफाने त्यांच्यावर आजीवन बंदी घातली, जी पुढे क्रीडा लवादाने १५ वर्षांवर आणली. त्या वर्षी चालू असलेली लीग मध्येच थांबली आणि तो हंगाम पूर्ण झालाच नाही. संघटनेचा कारभार पाहण्यासाठी डॉ. कोफी आमोआ यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. त्या शोधकार्यात सहभागी असलेल्या अहमद हुसेन-सुआले या पत्रकाराची जानेवारी २०१९ मध्ये आक्रा येथे गोळ्या घालून हत्या झाली. फुटबॉलमधील भ्रष्टाचार उघड करण्याची किंमत एका तरुणाने प्राण देऊन चुकवली, हे या हंगामाविषयी बोलताना विसरून चालणार नाही.

२०१९ मध्ये त्या समितीने पूर्ण लीगऐवजी एक छोटी विशेष स्पर्धा घेतली. ती कोटोकोने करेला युनायटेडला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून जिंकली, परंतु ती लीग नव्हती. ऑक्टोबर २०१९ मध्ये कर्ट ओक्राकू संघटनेचे नवे अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि दोनच महिन्यांत, वर्ष संपण्यापूर्वी, लीग सुरू झाली. दीड वर्ष लीगविना राहिलेल्या मैदानांवर लोक परत येऊ लागले. २६ जानेवारी २०२० रोजी आक्रामध्ये हार्ट्स ऑफ ओक आणि कोटोको समोरासमोर आले. १९११ मध्ये स्थापन झालेला हार्ट्स हा देशातील सर्वांत जुन्या क्लबांपैकी एक, आणि साळिंदर ज्याचे बोधचिन्ह आहे तो कोटोको अशांती लोकांचा अभिमान; ‘हजार मारा, हजार पुन्हा येतील’ हे त्यांचे घोषवाक्य. मैदान भरले होते, आणि कोटोकोने सामना २-१ असा जिंकला. लोकांचा विश्वास परत मिळतो आहे असे वाटत असतानाच, दीड-दोन महिन्यांत दारे पुन्हा बंद झाली. एरवी हंगाम बुडाल्याचे दुःख एका वर्षाचे असते. येथे ज्या रोपाला नुकतीच पालवी फुटली होती तेच खुडले गेले.

यातून एक विलक्षण गोष्ट घडली. लीगचे शेवटचे रीतसर विजेतेपद २०१७ चे होते आणि ते अदुआना स्टार्सचेच होते. म्हणजे अग्रस्थानी असूनही ज्यांना चषक नाकारला गेला, तेच तोपर्यंत देशाचे शेवटचे विजेतेही होते, आणि ती पदवी त्यांच्याकडे २०२१ च्या जुलैपर्यंत राहिली.

प्रश्न : सामने नाहीत म्हटल्यावर खेळाडूंचे पोट कसे भरले? त्यांना पगार मिळत होता का? (नागपूर)

उत्तर : मोठ्या लीगमध्ये क्लबांचे बहुतेक उत्पन्न प्रक्षेपणाच्या हक्कांतून येते, त्यामुळे रिकाम्या मैदानावर खेळूनही पैसा येत राहतो. घानाच्या क्लबांचा संसार मुख्यतः तिकीटविक्री, मालकाचा खिसा आणि खेळाडू परदेशी क्लबांना विकून मिळणारी रक्कम या तिन्हींवर चालतो. त्या हंगामात लीगला मुख्य प्रायोजक नव्हता. स्टारटाइम्स या वाहिनीशी पाच वर्षांचा ५२.५ लाख डॉलरचा प्रक्षेपण करार २०२० च्या आरंभीच झाला होता; वर्षाला साधारण साडेदहा लाख डॉलर. ही रक्कम १८ क्लबांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला साठ हजार डॉलरच्या आसपासच येते, आणि एवढ्या रकमेत २५-३० खेळाडूंचा संघ वर्षभर पोसता येत नाही. म्हणून प्रेक्षक नाहीत म्हणजे उत्पन्न नाही, उत्पन्न नाही म्हणजे पगार नाही, अशी ती साखळी आहे. अनेक क्लबांनी पगारात कपात केली.

फिफाने आपल्या प्रत्येक सदस्य संघटनेला १० लाख डॉलर आणि महिला फुटबॉलसाठी वेगळे ५ लाख डॉलर मदत म्हणून जाहीर केले. आफ्रिकी महासंघाने आपल्या ५४ संघटनांना प्रत्येकी २ लाख डॉलर दिले. महिलांसाठीची रक्कम स्वतंत्र ठेवली हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण पैसा कमी पडला की पहिली कात्री महिलांच्या संघांना लागते, हे आपल्याकडेही दिसते.

मात्र पैशाच्या हिशेबात न बसणारे नुकसानही झाले. १९-२० वर्षांच्या घानाच्या मुलाला लीगचा हंगाम ही युरोप, उत्तर आफ्रिका किंवा आखातातील क्लबांना स्वतःचा खेळ दाखवण्याची खिडकी असते. ती खिडकी काही महिने उघडी राहते, आणि वय वाढत गेले की मागणी घटते. मार्च ते नोव्हेंबर असे आठ महिने त्या वयात रिकामे गेले, तर ते नंतर कोणत्याही मदतनिधीतून भरून येत नाहीत. घरच्या अंगणात, गल्लीत, एकट्याने चेंडू भिंतीवर मारत राहण्याने दम टिकतो, सामन्याची नजर टिकत नाही.

प्रश्न : टाळेबंदीत मुंबईच्या विमानतळावर घानाचा एक फुटबॉलपटू अडकला होता, असे वाचल्याचे आठवते. तो याच लीगमधला होता का? (विलेपार्ले, मुंबई)

उत्तर : नाही, तो घानाच्या लीगमधला नव्हता, केरळमधील एका क्लबसाठी खेळायला तो भारतात आला होता. परंतु तो या गोष्टीच्या बाहेरचा नाही. मार्च २०२० मध्ये मायदेशी जाणारे विमान पकडण्यासाठी तो मुंबईत आला आणि विमानसेवाच बंद झाली. हातात पैसे नाहीत, शहरात ओळखीचे कोणी नाही. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या आवारात त्याने सत्तरहून अधिक दिवस काढले. दिवस बागेत बसून जायचा, अंघोळ आणि कपडे धुणे प्रसाधनगृहात, आणि खाण्याचे बरेचसे विमानतळावरील सुरक्षारक्षक व कर्मचारी यांच्या डब्यातून. जूनच्या सुरुवातीला त्याची हकीकत समाजमाध्यमांवर आल्यावर राज्याचे तत्कालीन मंत्री आदित्य ठाकरे यांच्या पुढाकाराने त्याची वांद्रे येथील एका हॉटेलात सोय झाली.

त्याला विमान मिळाले असते तरी घरी पोहोचणे सोपे नव्हते, कारण घानाने २२ मार्चला आपल्या सीमा बंद केल्या होत्या आणि आक्राचे कोटोका विमानतळ प्रवाशांसाठी उघडले ते १ सप्टेंबरला. स्वतःचा डबा त्या मुलापुढे ठेवणाऱ्या विमानतळावरील रक्षकांविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते. परदेशात खेळायला गेलेल्या पश्चिम आफ्रिकेच्या असंख्य मुलांपैकी किती जण कुठल्या गावात, कुठल्या खोलीत असे अडकले असतील, याची नोंद कोणाकडे असेल?

प्रश्न : आमच्या गोव्यात त्याच वर्षी आयएसएलचा (इंडियन सुपर लीग) सबंध हंगाम प्रेक्षकांविना खेळवला गेला. घानाला तसे का जमले नाही? (मडगाव)

उत्तर : मडगावकरांनी दोन्ही टोके पाहिली आहेत. १४ मार्च २०२० रोजी फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर एटीके आणि चेन्नईयिन यांच्यात आयएसएलचा अंतिम सामना झाला, तो रिकाम्या खुर्च्यांसमोर. दुसऱ्याच दिवशी घानाची लीग थांबली. त्यानंतर नोव्हेंबर २०२० ते मार्च २०२१ हा संपूर्ण आयएसएल हंगाम फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीन मैदानांवर, सर्व संघांना गोव्यातच हॉटेलांत वेगळे ठेवून, पार पडला. हे जमले, कारण संघ ११ होते, त्यांच्या मागे मोठी गुंतवणूक होती आणि पाच महिने शेकडो लोकांच्या राहण्याचा व वारंवार चाचण्यांचा खर्च झेपणारा होता.

घानात १८ संघ, देशभर विखुरलेली गावे, आणि २०२० च्या मध्याला चाचण्यांची साधने रुग्णालयांनाच पुरत नव्हती. ती फुटबॉलपटूंसाठी वापरणे कोणालाही पटले नसते, आणि पटायलाही नको होते. खेळ थांबवला त्यात चूक झाली नाही, असे मी निःसंकोचपणे म्हणतो.

पुढे २० सप्टेंबरच्या भाषणात राष्ट्राध्यक्षांनी लीगला परवानगी दिली. मैदानाच्या क्षमतेच्या २५ टक्केच प्रेक्षक, मुखपट्टी बंधनकारक आणि खेळाडूंच्या चाचण्या, अशा अटींवर. नोव्हेंबरच्या मध्याला नवा हंगाम सुरू झाला. आयएसएलशी जोडणारा एक धागा येथे सांगतो : २०१९-२० च्या आयएसएलमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडकडून खेळलेला आसामोआ ग्यान, घानाच्या राष्ट्रीय संघासाठी सर्वाधिक गोल करणारा खेळाडू, त्या नोव्हेंबरमध्ये आक्राच्या लेगॉन सिटीज या क्लबमध्ये दाखल झाला. इतक्या वर्षांनी मायदेशाच्या लीगमध्ये परतलेला ग्यान पाहायला एरवी मैदाने ओसंडली असती.

अटी असूनही साथ संपली नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये कोटोकोचा संघ आफ्रिकी चॅम्पियन्स लीगमध्ये अल हिलालविरुद्ध खेळायला सुदानला गेला; तेथे अनेक खेळाडूंच्या चाचण्या बाधित आल्या, मैदानात उतरवण्याइतकेही खेळाडू उरले नाहीत, आणि सामना न होताच कोटोको स्पर्धेबाहेर गेला.

प्रश्न : साथीमुळे पश्चिम आफ्रिकेतील फुटबॉल थांबण्याची ही पहिलीच वेळ होती का? (पुणे)

उत्तर : अजिबात नाही. २०१४ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत इबोलाची साथ पसरली आणि तिने अकरा हजारांहून अधिक बळी घेतले. सिएरा लिओन आणि लायबेरियातील फुटबॉल बंद झाले. सिएरा लिओनच्या राष्ट्रीय संघाला आफ्रिकी चषकाच्या पात्रता फेरीतील घरचे सामनेही प्रतिस्पर्ध्याच्या देशात जाऊन खेळावे लागले, आणि मोरोक्कोने साथीच्या भीतीने यजमानपद पुढे ढकलण्याची मागणी केल्यामुळे २०१५ ची आफ्रिकी चषक स्पर्धा इक्वेटोरिअल गिनीमध्ये हलवली गेली.

त्यातही सिएरा लिओनची गोष्ट घानासाठी खरी धोक्याची घंटा होती. तेथे साथ ओसरली, पण संघटनेतील भांडणे ओसरली नाहीत, आणि २०१४ मध्ये थांबलेली देशाची लीग पुन्हा सुरू व्हायला २०१९ उजाडले. पाच वर्षांत खेळाडूंची एक संपूर्ण पिढी लीगविना मोठी झाली. साथ काही महिन्यांची असते. तिच्या आडून आळस, वाद आणि बेपर्वाई शिरली तर ती वर्षे खाते. घानातही संघटना नुकतीच सावरत होती, त्यामुळे जून २०२० मध्ये हंगाम रद्द करताना खरी चिंता ही असायला हवी होती की पुढचा हंगाम ठरल्या वेळी सुरू होईल की नाही. तो सुरू झाला. ओक्राकू यांच्या संघटनेवर इतर कितीही टीका करता येत असली, तरी एवढे श्रेय तिला दिले पाहिजे.

प्रश्न : मग शेवटी विजेता कोण झाला? आणि अदुआनाचे पुढे काय? (नाशिक)

उत्तर : २०२०-२१ चा हंगाम सर्व ३४ फेऱ्यांसह पूर्ण झाला. मार्चमध्ये सॅम्युअल बोआडू हे प्रशिक्षक मेडिआमा या क्लबमधून हार्ट्स ऑफ ओकमध्ये आले आणि संघाचा नूरच पालटला. २७ जून २०२१ रोजी आक्रामध्ये डॅनिएल आफ्रिये बार्नियेच्या गोलावर हार्ट्सने कोटोकोला १-० असे हरवले, आणि जुलैमध्ये एक सामना बाकी असतानाच विजेतेपद निश्चित केले. हार्ट्सचे हे २००९ नंतरचे पहिले विजेतेपद होते. महिलांच्या लीगमध्ये सेकोंडीच्या हसाकास लेडीज विजेत्या ठरल्या, आणि आफ्रिकेतील पहिल्यावहिल्या महिला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नोव्हेंबर २०२१ मध्ये थेट कैरोपर्यंत, पोहोचल्या. वर्षभरापूर्वी ज्यांचा हंगाम पुरुषांच्या हंगामासोबत एकाच ठरावात रद्द झाला होता, त्याच या मुली.

रद्द झालेल्या हंगामात कोणाची घसरण झाली नव्हती, २०२०-२१ मध्ये मात्र तळाच्या क्लबांना माफी नव्हती. लिबर्टी प्रोफेशनल्स, एबुसुआ ड्वार्फ्स आणि इंटर अलाइज खालच्या श्रेणीत गेले.

अदुआनाला पुन्हा अग्रस्थानापर्यंत पोहोचायला २०२२-२३ चा हंगाम उजाडावा लागला. त्या वर्षी संघ बराच काळ आघाडीवर होता, डोर्मा आहेंक्रोत पुन्हा आशा जागली होती. शेवटच्या टप्प्यात टारक्वाच्या खाणपट्ट्यातील मेडिआमाने त्यांना मागे टाकले आणि आपले पहिले विजेतेपद मिळवले. अदुआना दुसरे राहिले. त्यांच्या नावावर लीगची दोनच विजेतेपदे आहेत, २००९-१० आणि २०१७.